खाली फ्लॅश

लग्नात माझ्या डाव्या कोपराला दिवसभरात शंभरेक हात तरी लागतात. उजवा हात कॅमेऱ्यावर असतो, डावा लेन्सखाली, आणि मागून कोणीतरी हळूच कोपर धरतं. हात कोणाचा आहे हे मागे वळून न बघताही मला आता कळतं. लहान पोरं शर्ट ओढतात. तरुण मुलं खांद्यावर थाप मारतात. बायका बाही दोन बोटांच्या चिमटीत धरतात आणि लगेच सोडतात. म्हातारी माणसं मात्र कोपर धरली की धरूनच ठेवतात. मागणं सगळ्यांचं एकच. "भाऊ, आमचा बी एक काढा ना."

अमळनेरला माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नांसाठी मात्र मी पारोळा, धरणगाव, चोपडा, तापी ओलांडून शिरपूर, तिकडे शिंदखेड्यापर्यंत फिरतो. या फिरण्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलं या वाक्याला फार वैतागतात, आणि त्यांचा वैताग खोटा नाही. एका लग्नात दीडशे लोकांनी असे फोटो मागितले आणि एकेका फोटोला अर्धा मिनिट धरला, तरी सव्वा तास गेला. हा सव्वा तास आणायचा कुठून? आमच्याकडे पत्रिकेवर मुहूर्त दुपारी साडेबाराचा असतो. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन, बँडसमोर नाचणाऱ्या मित्रांतून वाट काढत मांडवात पोहोचेपर्यंत दीड-दोन वाजतात. मग पंगतीही अडतात आणि भटजीही घाई करतात. बाहेर मे महिन्याचं चव्वेचाळीस अंशांचं ऊन असतं, फ्लॅश तापून बंद पडायच्या बेतात असतो, आणि अशा वेळी कोणाचे तरी मावसभाऊ सहा जणांना घेऊन उभे राहतात.

तिकडे अंतरपाट धरला गेलेला असतो. अंतरपाट कोणासाठी थांबत नाही. कन्यादान, मंगळसूत्र, सप्तपदी हे सगळं एकदाच होतं, आणि ते टिपायचे पैसे मी घेतलेले असतात. म्हणून नवी मुलं म्हणतात, "सर, ऑर्डर देणाऱ्याचं काम करायचं. पाहुण्यांचं आपल्याला काय?" एकाने तर उपायही सांगितला, "नुसता फ्लॅश मारून द्यायचा. त्यांना कुठे कळतंय?"

त्या मुलाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा उपाय माझ्या जुन्या ओळखीचा होता.

बारावीनंतर मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. तेव्हा लग्नाची बोली रोलवर ठरायची. "दोन रोलचं लग्न", "पाच रोलचं लग्न". एका रोलमध्ये छत्तीस फोटो. रोल भरताना हात सफाईदार असेल तर सदतिसावा आणि क्वचित अडतिसावाही निघायचा, आणि तो निघाला की दिवस चांगला गेला असं वाटायचं. रोल, धुलाई, प्रिंट हे सगळं धरून एका फोटोचा खर्च बसायचा, आणि तो अण्णांना तोंडपाठ असायचा. पाहुण्यांनी फोटो मागितला की तो खर्च कोण देणार? घरमालक अल्बम बघताना बोट ठेवून विचारायचा, "हे कोण? यांचा फोटो कशाला काढला?" आणि तेवढे पैसे कापून घ्यायचा. अण्णांचं घर याच धंद्यावर चालायचं, तीन मुलींची लग्नं त्यांनी यातूनच केली.

म्हणून अण्णांनी मला खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश शिकवला. आमचा कॅमेरा पेंटॅक्स के-१००० होता, वर विविटारचा फ्लॅश. त्या फ्लॅशच्या पाठीमागे एक छोटं टेस्टचं बटण असायचं. ते दाबलं की शटर न उघडता नुसता उजेड पडायचा. डोळा कॅमेऱ्याला लावायचा, "थोडे जवळ या, हसा" म्हणायचं, उजव्या हाताचं बोट शटरवर ठेवल्यासारखं करायचं आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने मागचं बटण दाबायचं. खरा फोटो निघताना आरसा वर जाण्याचा खट्ट आवाज येतो, तो यात येत नाही. पण बँडच्या गजरात तो कोणाला ऐकू जाणार? उजेड पडला की समोरचे लोक डोळे मिचकावायचे, समाधानाने मान हलवायचे आणि पंगतीत जाऊन बसायचे.

१९९८ च्या उन्हाळ्यातलं ते लग्न. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस होते. ज्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, त्याच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने, पहाटेपासून मांडवाचं काम ओढलेलं. पाण्याचे ड्रम, जळण, सतरंज्या, सगळं त्याच्याच अंगावर. वरण-बट्टीची पहिली पंगत उठल्यावर तो हातपाय धुऊन, घडीचा पांढरा शर्ट घालून आला. मागे त्याची बायको. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि कपाळावर ओलं कुंकू होतं, ते घामाने जरासं ओघळलेलं. तो म्हणाला, "भाऊ, आमना दोन्हीसना एक फोटू काढ ना. लगीनमां आमना फोटूच नही निंघना." म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर नव्हताच.

मी अण्णांकडे पाहिलं. रोलमध्ये चार फोटो उरले होते आणि बिदाई व्हायची होती. अण्णांनी डाव्या हाताचा अंगठा किंचित हलवला.

ती दोघं मांडवाच्या खांबाजवळ उभी राहिली. खांबाला केळीचा खुंट बांधलेला होता. त्याने दोन्ही हात शरीराला चिकटवून ताठ धरले होते, शाळेत प्रार्थनेला मुलं उभी राहतात तसे. बायकोने पदर डोक्यावर घेतला, मग थोडा मागे सरकवला, कुंकू दिसावं म्हणून. मी "तयार?" असं विचारलं आणि अंगठ्याने बटण दाबलं. तो म्हणाला, "डोया मिचकायना वाटस माले. आखो एक काढ." डोळे मिटले गेले असतील, अजून एक काढ. मी दुसऱ्यांदा बटण दाबलं.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी तो दुकानात आला. उपरण्याच्या टोकाला गाठ मारून पैसे आणले होते. "निंघना का फोटू?" अण्णा जळगावला लॅबमध्ये गेले होते, दुकानात मी एकटा होतो. मी म्हणालो, "तो रोल खराब झाला." त्याने गाठ सोडली नाही, नुसती चाचपली. म्हणाला, "मंग दोन्ही खराब हुई ग्यात?" मी मान हलवली. तो थोडा वेळ काउंटरच्या काचेखाली लावलेले दुसऱ्यांचे फोटो बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "काही नही भाऊ. पुढला टायमले काढजो."

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला फिरतं. अक्षय्य तृतीयेला जुना हिशेब मिटतो, नवा मालक, नवं गाव, नवी बोली ठरते. तो आला तोपर्यंत आखाजी होऊन गेली होती. तो कोणत्या गावाला कामाला लागला हे मी त्या दिवशी विचारलं नाही. सहा महिन्यांनी मला ते इतकं खुपायला लागलं की मी सायकल घेऊन त्या शेतकऱ्याकडे गेलो. शेतकरी म्हणाला, "तो गेला की रे आखाजीला. चोपड्याकडे कुठेतरी केळीवर आहे म्हणे." पुढे स्वतःचं काम सुरू झाल्यावर चोपडा-यावलच्या पट्ट्यात जेवढी लग्नं केली, तेवढ्या लग्नांत मी मांडवाच्या मागे, पाण्याच्या ड्रमांजवळ डोकावून आलो. सव्वीस-सत्तावीस वर्षांत तो दिसला नाही. दिसला तरी ओळखू येईल का, हे आता सांगता येत नाही. त्याचा फोटो असता तर आलाही असता ओळखू.

हे सगळं मी त्या मुलाला लगेच सांगू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तो म्हणाला, "सर, पण आता रोल कुठे आहे? आता तर खराच फोटो काढतो आपण. फुकटच आहे क्लिक." बरोबर होतं त्याचं. मी २००७ साली डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा मलाही असंच वाटलं होतं की आता सुटलो. मागेल त्याचा काढायचा, हवे तेवढे काढायचे. पहिल्या सीझनला मी कोणालाच नाही म्हटलं नाही. आणि सीझन संपल्यावर लक्षात आलं की फोटो निघाले, पण पोहोचला एकही नाही. अल्बमची पानं चाळीस. त्यात नवरा-नवरी, जवळची माणसं, विधी. फोटो निवडायला घरातली दोन-तीन तरुण मंडळी बसतात, आणि त्यांना नवरीच्या आत्याच्या जाऊबाईचं तोंड ओळखू येत नाही. ते पुढे सरकतात. उरलेले दोन-अडीच हजार फोटो हार्ड डिस्कमध्ये. लोकांनी माझ्यासमोर उभं राहून पदर सारखा केलेला, पोराच्या नाकाला रुमाल लावलेला, आणि ते सगळं डिस्कमध्ये पडून, वरून दोन वर्षांनी जागा नाही म्हणून पुसून टाकलेलं. फ्लॅश पडला, माणूस समाधानाने पंगतीला गेला, हातात काही आलं नाही. हा खाली फ्लॅशच झाला की. फरक एवढाच की शटरचा आवाज खरा होता.

तेव्हापासून मी पाहुण्यांच्या फोटोंचं काम वेगळं धरतो. ते काम बोली ठरवतानाच सुरू होतं. मी घरच्यांना विचारतो, तुमच्याकडून माणसं ओळखणारं एक जण द्या आणि तिकडून एक. आमच्याकडे हे काम मामाच करू शकतो. मामाला दोन्ही बाजू माहीत असतात, रुसलेले कोण आणि आजारी कोण हेही माहीत असतं. भावाभावांत शेताच्या बांधावरून वाद असेल तर त्यांना एका फोटोत कसं उभं करायचं, मध्ये कोणत्या काकूला ठेवायचं, हे मामा बरोबर सांगतो. त्याच्याकडून मी दोन याद्या घेतो. एक घरातल्या ग्रुपची, जी हळदीच्या संध्याकाळीच अर्धी उरकायची. त्या वेळी ऊन उतरलेलं असतं, माणसं निवांत असतात आणि कोणी उपाशी नसतं. दुसरी यादी त्यांची, ज्यांना चालवत नाही, जे स्टेजवर चढू शकणार नाहीत. त्यांच्याकडे मी कॅमेरा घेऊन स्वतः जातो.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दाराशी, सावलीच्या बाजूला, एक कोपरा बांधून घेतो. मागे साधा कापडी पडदा, एक छत्रीचा लाइट, एक खुर्ची. तिथे माझ्या हाताखालचा दुसरा मुलगा उभा असतो आणि त्याला विधीकडे बघायचंही नाही, असं सांगितलेलं असतं. स्टेजजवळ मला कोणी कोपराला धरलं की मी म्हणतो, "काकू, त्या पडद्याजवळ जा, तिथे पोरगा आहे, खुर्चीवर बसवून छान काढेल." निम्मे लोक खूश होऊन जातात. पण निम्म्यांना नवरा-नवरीबरोबरच हवा असतो, आणि ते योग्यच आहे. पंचवीस किलोमीटर एसटीने, दोन लेकरं घेऊन आलेल्या माणसाला पडद्याचं काय करायचं? त्यांना मी वेळ सांगतो. "सप्तपदी होऊ द्या, दहा मिनिटं." आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहितो. "जांभळी साडी, दोन मुलं, टाकरखेडा." सप्तपदी झाली की वही काढतो आणि त्यांना शोधत जातो. मग ते पंगतीत बसलेले असोत, नाहीतर चपला घालून निघालेले असोत. या शोधत जाण्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. दहा मिनिटं म्हणालो आणि आलो नाही, तर तो शब्दही खाली फ्लॅश.

हे सगळं करूनही चुका होतात. एक चूक तर अशी आहे की तिचा फोटो अजून एका घरात लावलेला आहे. स्टेजवर एका पुढाऱ्यांचा ताफा आला होता, माइकवाला नावं पुकारत होता, एकेक जण नवरदेवाच्या गळ्यात हात टाकून उभा राहत होता. मी तिकडे गुंतलो आणि मागे कानपिळी होऊन गेली. नवरीचा भाऊ सैन्यात होता, चार दिवसांची सुट्टी काढून आलेला. त्याने मेहुण्याचा कान पिळला, सगळे हसले, आणि माझ्या कॅमेऱ्यात त्या क्षणी कोणाचं तरी जाकीट होतं. मी जाऊन हात जोडले. त्या पोराने काही कुरकुर न करता पुन्हा कान धरला, पुन्हा सगळे हसले. फोटो चांगला आला आहे. मला मात्र तो बघवत नाही. ते दुसऱ्या वेळचं हसू आहे. त्या दिवसापासून एक नियम केला आहे की विधी चालू असताना समोर कोणीही असो, आमदार असो की गावचा सरपंच, मी त्यांच्याकडे पाठ करतो. राग येतो लोकांना. नंतर जाऊन पाया पडतो, पण पाठ करतो.

आमच्या जिल्ह्यात चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस होऊन गेले. १९८९ साली ते वारले. कित्येक दशकं ते आपल्या घराबाहेर जवळजवळ पडले नाहीत, आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा वळवून त्यांनी जी टेबलटॉप छायाचित्रं केली त्यांना जगभर मान मिळाला. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. मी तिथे तीन वेळा गेलो आहे. प्रत्येक वेळी त्या फोटोंतली शांतता बघून पोटात तुटतं. सगळं हातात असणं, वस्तू हलत नाहीत, सावली सांगू तिथे पडते. माझ्या कामात यातलं काहीच नसतं. पण तिथून आल्यावर पुढच्या लग्नात माझ्यासमोर कोणी आजी उभी राहिली की मी तिला घाईने उरकत नाही, एवढं मात्र होतं. तिच्या चेहऱ्यावर उजेड कुठून येतो आहे ते बघतो. मांडवाच्या कापडाचा लाल-पिवळा रंग गालावर उतरत असेल तर तिला दोन पावलं बाहेर आणतो. ती आपल्या सुनेला सांगते, "थांब जराशी, तो बघी राह्यना."

ग्रुपचं म्हणाल तर त्यातही मन लावावं लागतं. तीन रांगांचा ग्रुप ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, दोन पॉइंट आठवर मोठं ठेवून काढला तर पुढची रांग लख्ख आणि मागची धूसर येते. मागच्या रांगेत कोण असतं? उंच मुलं, आणि जे मागून येऊन कडेला उभे राहिले ते. म्हणजे ज्यांना आधीच कोणी पुढे बोलावलं नव्हतं, तेच परत अंधूक. मी भोक लहान करत आठपर्यंत जातो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवतो, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. आणि तीन वेळा क्लिक करतो, कारण पंधरा माणसांत एकाचे तरी डोळे मिटतात. त्या सालदाराचं वाक्य आठवतं. आखो एक काढ.

सगळ्याच मागण्या मान्य करायच्या नसतात. एक मागणी मी गेली कितीतरी वर्षं साफ नाकारतो. कोणीतरी गृहस्थ येतात, बाजूला घेतात आणि हळू आवाजात म्हणतात, "ती पिवळ्या साडीतली मुलगी दिसते ना, तिचा एक चांगला फोटो काढून द्या. स्थळासाठी." माणसं वाईट नसतात. भाच्यासाठी नाहीतर पुतण्यासाठी मुलगी शोधत असतात, आणि लग्नाच्या मांडवात स्थळं बघण्याची रीत जुनीच आहे. पण पूर्वी ती बघणारी माणसं बघून घरी जायची. आता फोटो मोबाइलवर जातो, तिथून चार ग्रुपवर फिरतो, आणि ती पोर बिचारी करवलीचं ताट घेऊन हसत फिरत असते, तिला यातलं काही ठाऊक नसतं. मी त्यांना सांगतो, "तिच्या आईला विचारा. तिच्या आईने मला सांगितलं आणि ती पोरगी हो म्हणाली, तर पडद्याजवळ उभं करून दहा काढतो, पैसे घेणार नाही." बहुतेक जण विचारत नाहीत. एकदोघांनी विचारलं, आणि त्यातलं एक लग्न मीच केलं. म्हणजे फोटो काढायला मीच होतो.

आणि काही माणसं कधीच मागत नाहीत. त्यांच्याकडे आपण जावं लागतं. लग्नाच्या आदल्या रात्री मांडे करायला येणाऱ्या बायका. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर, त्यावर हातांवर झुलवत झुलवत ओढणीएवढा पातळ केलेला पुरणाचा मांडा पडतो. ते बघायला व्हिडिओवाले हल्ली हौसेने जातात, पण त्यांना मांडा हवा असतो, हातांचे क्लोजअप हवे असतात. एका रात्री मी तसे क्लोजअप काढून निघालो तर त्यातल्या एकीने विचारलं, "मन्हं तोंड उन्हं का त्यामां?" नव्हतं आलं. मी परत बसलो. तिने हात धुतले, पदराने तोंडावरची राख पुसली, चुलीच्या उजेडाकडे तोंड केलं. त्या उजेडात मला फ्लॅश लागलाच नाही.

पोहोचवण्याचं मी असं करतो. लग्नानंतर महिन्याभरात पाहुण्यांच्या फोटोंचे चार बाय सहाचे प्रिंट काढतो. सगळ्यांचे नाही जमत, वहीत ज्यांची नोंद आहे त्यांचे नक्की. मागे गावाचं नाव लिहितो. गठ्ठा मामाकडे देतो, कारण मामाच वर्षभर या गावाहून त्या गावाला फिरत असतो. दशक्रियेला, बारशाला, पुढच्या लग्नाला. तो वाटत जातो. बोली ठरवतानाच या प्रिंटचे पैसे वेगळे सांगतो, आणि आता लोक देतात. जे देत नाहीत त्यांचे मी माझ्यात धरतो. सेल्फी टाकला की आपापले फोटो शोधून देणारी ॲप आता आली आहेत, तीही मी वापरतो, तरुणांना ती बरी पडतात. पण हिरव्या लुगड्यातली बाई क्यूआर कोड स्कॅन करणार नाही.

२०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास. त्या लग्नांत सगळं वेळेवर झालं. एकही विधी हुकला नाही, मध्ये कोणाचं डोकं आलं नाही, एवढे स्वच्छ फोटो मी आयुष्यात काढले नसतील. आणि माझ्या कोपराला कोणाचाही हात लागला नाही. घरी येऊन कार्ड रिकामं करायला बसलो की सतरा-अठराशेच्या जागी चारशे फोटो. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. त्या दोन सीझनला मला फार एकटं वाटलं.

शेवटचं एका मुलाचं सांगतो. मुलगा म्हणायचं, पण तो आता पस्तिशीला आला. पारोळा तालुक्यातला आहे, सात एकर कोरडवाहू, कापूस लावतो. पहिल्यांदा २०१८ मध्ये त्याच्या चुलतभावाच्या लग्नात त्याने माझा खांदा धरला. "दादा, बायोडाटासाठी एक द्या ना. स्टुडिओत काढलेला फोटो मुर्दाड वाटतो." निळा शर्ट, नवे बूट. मी मांडवाबाहेर लिंबाच्या सावलीत उभं करून काढला. त्यानंतर त्या भावकीत नाहीतर आजूबाजूच्या गावात माझ्याकडे लग्नाचं काम असलं की तो हमखास भेटतो आणि फोटो काढून घेतो. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आमच्याकडे किती अवघड झालंय हे इकडच्या कोणालाही वेगळं सांगायला नको. मुली बघायला जातो, पोहे खाऊन येतो. त्याचे मित्र एकेक करून स्टेजवर गेले, आणि त्यांच्या प्रत्येक लग्नात मी त्याचा एक फोटो काढला. माझ्या डिस्कमध्ये त्याचा वेगळा फोल्डर आहे. निळा शर्ट, पांढरा, चॉकलेटी, मग जाकीट. एका वर्षी मिशी आहे, पुढच्या वर्षी नाही.

यंदा मे महिन्यात त्याच्या सर्वांत धाकट्या चुलतभावाचं लग्न होतं. तो दिवसभर वाढप्यांत होता, वांग्याच्या भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. माझ्याजवळ आलाच नाही. मंगलाष्टकं झाली, आहेर झाले, बँडवाल्यांनी सामान बांधायला घेतलं. मी वही काढली. त्यात त्याचं नाव नव्हतं. मग मीच गेलो, आणि मागून त्याचं कोपर धरलं.

"यंदा नाही काढायचा?"

तो हसला. म्हणाला, "दादा, कितीदा काढणार?" पण बादली खाली ठेवली. नळावर जाऊन तोंड धुऊन आला, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली. केसांना मेंदी लावली होती, काळी, आदल्या रात्री घाईत लावलेली असणार. उजव्या कानशिलाजवळ कातडीवर तिचा डाग राहिला होता, पेराएवढा. मी लेन्स पुसायचा कपडा ओला केला आणि डाग पुसला. एकदा पुसून गेला नाही, दोनदा पुसला. तो लहान पोरासारखा मान वाकडी करून उभा होता. मग त्याला जरासं डावीकडे वळवलं, म्हणजे तो कान सावलीत जाईल. ऊन उतरलं होतं, उजेड मऊ होता. पंच्याऐंशी मिलिमीटरची, चेहऱ्यांसाठीची लेन्स लावली.

पाच-सहा काढले. स्क्रीनवर त्याला दाखवले. त्याने एकावर बोट ठेवलं, बराच वेळ बघितलं.

"हा आत्ताच पाठवता का? परवा एरंडोलला जायचंय. त्यांनी आधी फोटो मागितलाय."

वरात निघायच्या गडबडीत नवरीची करवली मला हाका मारत होती. मी कॅमेऱ्याचं वायफाय चालू केलं, फोटो मोबाइलवर घेतला आणि तिथेच उभा राहून त्याला पाठवला. त्याचा फोन खिशात वाजला. त्याने तो काढला, फोटो उघडला, आणि बादली तिथेच ठेवून, उष्ट्या पत्रावळ्यांमधून वाट काढत, मांडवाच्या पलीकडे बसलेल्या आपल्या आईला दाखवायला गेला.